मस्टरवरचा अंगठा, ग्रामसभेतली सही



गेल्या महिन्यात एका बचतगटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्याचा हिशेब झाला, चहा झाला आणि एक ताई म्हणाली, "पाऊस काही आता पहिल्यासारखा राहिला नाही. पेरणी करून महिना महिना ढगाकडं बघायचं, आणि सोयाबीन काढणीला आलं की नेमका धो धो कोसळतो. हवामान बदललं, हवामान बदललं, असं सगळे सांगतात. पण आपण काय करायचं?"

ताईचं निरीक्षण खरं आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० पासून २०१५ पर्यंतच्या पावसाच्या नोंदी तपासल्या. २०१७ मध्ये त्यांनी सांगितलं, की मध्य भारतात मोठ्या मुलखावर एकाच वेळी कोसळणारी अतिवृष्टी या काळात तिप्पट झाली आहे. मोसमातला एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे पाणी येतं ते एकदम येतं, आणि मधले दिवस कोरडे जातात.

काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज थोडं मागं जाऊया. आभाळ फिरलं की शेतकऱ्याला मदत करायची म्हणजे नेमकं काय करायचं, याबद्दलची समज आपल्या मुलखात गेल्या दीडशे वर्षांत बदलत गेली. ती कशी बदलली, आणि त्यात बाई कुठं होती, ते बघूया.

पहिला मुक्काम १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. सोलापूर, नगर, सातारा, पुणे हा सगळा भाग होरपळला. तेव्हा राज्य इंग्रजांचं. सरकारनं दुष्काळी कामं काढली: रस्ते, मुरूम, खडी, काही ठिकाणी तलाव आणि कालवे. मजुरी किती द्यायची, हे ठरवायला सर रिचर्ड टेंपल नावाचा अधिकारी नेमला होता. त्यानं खर्च वाचवायला काय ठरवलं? धट्ट्याकट्ट्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. पौंड म्हणजे आपलं अर्धा किलोलाही कमी. बाईला त्याहून कमी. दिवसभर दगड फोडायचे आणि एवढ्यावर भागवायचं! पुष्कळ ठिकाणी मजुरांनी कामावर जायचं सोडलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवली. लाखो माणसं त्या दुष्काळात गेली. नंतर १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि दुष्काळात कामं कधी काढायची, कशी काढायची, याचे नियम तयार झाले. पण मदतीचा अर्थ एवढाच राहिला, की माणूस भुकेनं मरू नये. पुढच्या वर्षी पुन्हा पाऊस चुकला तर शेत कसं टिकेल, हा विचार त्यात फारसा नव्हता.

त्याच काळातली दुसरी गोष्ट. १८७८ मध्येच सरकारनं जंगलाचा कायदा केला. जंगलं राखीव झाली. गावकऱ्यांची चराई, लाकूडफाटा, कंदमुळं यांवर बंधनं आली. वाईट वर्षात पीक बुडालं तर माणूस कुठं जायचा? रानात जायचा. तिथं मोह मिळायचा, पाला मिळायचा, गुरांना चारा मिळायचा. तीच वाट अडली. आणि सरपण, पाला, चारा हे काम बाईचं, त्यामुळं तिची पायपीट वाढली.

हे सगळं महात्मा जोतीराव फुले बघत होते. १८८३ च्या सुमाराला त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात शेतकऱ्याच्या दैन्याचं वर्णन आहे आणि उपायही आहेत. ते म्हणतात, सरकारनं आपल्या जादा शिपायांना कामाला लावून जागोजाग बांधबंधारे घालावेत. पावसाचं पाणी आधी शेतात मुरावं आणि मग नदीनाल्याला मिळावं, म्हणजे जमिनीचा कस वाहून जाणार नाही. आणि गावांची गायरानं सरकारनं गावांना परत करावीत. माती राखा, पाणी मुरवा, रान गावाच्या हातात द्या, हे जोतीरावांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. आज हवामान बदलावर बोलणारे तज्ज्ञही फार वेगळं सांगत नाहीत.

आता नव्वद वर्षं पुढं येऊ. १९७२ चा दुष्काळ. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या सासवांनी, आयांनी तो अंगावर काढलाय. माझ्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. सकाळी भाकरी बांधून खडी फोडायला जायच्या. तान्ह्या लेकरांच्या झोळ्या बाभळीला बांधलेल्या असायच्या. खायला परदेशातून आलेली लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. संध्याकाळी मुकादम मस्टर काढायचा आणि त्या अंगठा द्यायच्या. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. मोठी भूकबळी टळली, ही त्या कामांची पुण्याई.

सासूबाई एक गोष्ट नेहमी सांगायच्या. आधी त्यांनी रस्त्याची खडी फोडली. तो रस्ता दोन पावसाळ्यांत खचला. मग त्या पाझर तलावाच्या कामावर गेल्या. तो तलाव अजून आहे. त्याच्या खालच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं. पण ती विहीर दुसऱ्याची. "तळं आमच्या घमेल्यांनी झालं, पाणी मात्र ज्याची जमीन त्याचं," असं त्या हसत हसत म्हणायच्या. मला त्या हसण्याचा अर्थ फार उशिरा कळला.

या दुष्काळानं राज्याला एक कायदा दिला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला आधीच एक प्रयोग करून पाहिला होता: मागेल त्याला काम. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणं हा हक्क झाला. बाई आणि पुरुष यांना सारखी मजुरी आणि कामावर पाळणाघर, या गोष्टी तिथं आल्या. पुढं २००५ मध्ये सगळ्या देशासाठी कायदा झाला, त्यामागं आपल्या राज्याचा हा अनुभव होता. आणखी एक बदल झाला. नुसत्या खडीऐवजी बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव अशी माती-पाण्याची कामं वाढली. जोतीरावांची सूचना अशी नव्वद वर्षांनी कामाला लागली.

पण सासूबाईंचा प्रश्न उरलाच. अडवलेलं पाणी कुणाचं?

त्याचं एक उत्तर पुरंदर तालुक्यातून आलं. विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार, शिक्षणानं इंजिनिअर. बहात्तरच्या दुष्काळात ते तिकडं गेले आणि तिथलेच झाले. १९७४ मध्ये त्यांनी नायगावला देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घेतली, बांध घातले, पाणी अडवून पिकं घेऊन दाखवली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या मापानं मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या मापानं मिळेल. माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. उसासारखं पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. खर्चातला वाटा पाणी घेणाऱ्यांनीही उचलायचा. आणि ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्याचा हक्क. तळ्याचं पाणी ज्याची जमीन त्याचंच का, याला इतकं सरळ उत्तर आधी कुणी दिलं नव्हतं.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं दुसरा धडा दिला. १९८९-९० पासून पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावानं डोंगरमाथ्यापासून खालपर्यंत चर खणले, झाडं लावली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. एवढ्यावर गाव थांबलं नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, असं ठरलं. आणि दर वर्षी पाऊस मोजून, विहिरी बघून पाण्याचा ताळेबंद मांडायचा: आधी माणसाला, मग जनावराला, उरेल त्यात पिकं. आपण गटात जमाखर्च लिहितो ना, तसाच हा पाण्याचा जमाखर्च. पावसानं ओढ दिली तर कोणतं पीक घ्यायचं नाही, हे पेरणीच्या आधीच ठरतं.

आता रानाकडं वळू. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं गाव आहे. आमच्या गावात आम्हीच सरकार, असं म्हणणारं आणि तसं वागणारं. तिथं निर्णय सर्वांच्या सहमतीनं होतात. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला आणि २००९ मध्ये या गावाला सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. कागद मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना देणार कोण, यावर घोडं अडलं. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. गावाच्या हातून गेलेलं रान परत यायला असा फार मोठा काळ लागला.

हवामानाशी याचा संबंध काय? भाताला पावसानं दगा दिला, तरी बांबू, मोह, तेंदूपत्ता यांतून घरात चार पैसे येतात. रान राखलं तर माती धरून राहते आणि नाल्याला पाणी जास्त दिवस टिकतं. आणि रान राखतो कोण? ज्याचा त्यावर हक्क असतो तो.

या कायद्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक बाईनं लक्षात ठेवाव्यात. वनजमिनीचा हक्क लग्न झालेल्यांना मिळतो तेव्हा तो नवरा आणि बायको दोघांच्या नावानं मिळतो. आणि गावाच्या वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका असाव्याच लागतात.

शेतजमिनीचं मात्र तसं नाही. शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं, त्यातून पुढं लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं अर्ज केला तर सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. नवऱ्यानं अर्ज केला तर! म्हणून अजूनही कितीतरी घरांत निंदणी-खुरपणी तिची आणि सातबारा त्याचा.

हे आज का महत्त्वाचं आहे? कारण हवामान बदलाला तोंड देण्यासाठी पैसा आता गावात येतो आहे. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं आपल्या राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातल्या पाच हजारांवर गावांत. लोक त्याला पोकरा म्हणतात. त्यात गावाचा आराखडा होतो, पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेततळं, ठिबक, फळबाग यांना अनुदान मिळतं. पण वैयक्तिक लाभाच्या अर्जाला सातबारा लागतो, आणि आराखडा बैठकीत ठरतो. ज्या बाईचं नाव सातबारावर नाही आणि जी बैठकीला बसत नाही, तिच्यापर्यंत ती मदत पोचायची कशी?

बायकांनी याला वाट काढलेली आहे. लातूर-धाराशिवकडं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायकांनी दुष्काळी वर्षांत घरच्यांकडं फक्त एक एकर मागितला. त्यात भाजीपाला, डाळी, भरडधान्य अशी मिसळ पिकं कमी पाण्यावर आणि शेणखतावर घेतली. एक पीक गेलं तरी दुसरं हाताला लागतं, आणि घरात खायला राहतं. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी जपली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या बाईकडं कोणतं वाण कमी पावसात तगतं याचं ज्ञान असतं, हे सगळ्या देशानं मान्य केलं.

तर ताईच्या प्रश्नाचं उत्तर मला या इतिहासात असं दिसतं. मदत कधी टिकली? माती-पाणी-रान यांवर खर्च झाला आणि त्याचा निर्णय गावाच्या हातात राहिला, तेव्हा. बाईचे कष्ट त्यात पहिल्यापासून होते, मस्टरवर तिचा अंगठा होता. निर्णयाच्या कागदावर तिची सही यायला मात्र फार वेळ लागला, आणि अजून सगळीकडं आलेली नाही.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात कायद्यानं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी ती नुसती कागदावर होऊ देऊ नका. गटातल्या सगळ्या जणी जा आणि तीन गोष्टी विचारा. आपल्या गावाचा पाण्याचा ताळेबंद झालाय का? अडवलेल्या पाण्यात भूमिहीन आणि एकल बायकांचा वाटा काय? गायरान आणि रान यांबद्दलचे निर्णय कोण घेतंय? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या, वाचून घ्या आणि मग सही करा.

घरी गेल्यावर आणखी एक काम करा. सासूला, आजीला, शेजारच्या म्हातारीला विचारा, बहात्तरला तुम्ही कोणत्या कामावर होता? ते तळं, तो बांध आज कुठं आहे? गाळ साचलाय की फुटलाय? तुमच्या गावाच्या आराखड्यातलं पहिलं काम कदाचित तिथंच सापडेल.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.