एका जनुकाचं सूत

भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावात एखाद्या कोष्ट्याच्या घरी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसा. समोर कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, ताणा लागलाय, मधाच्या रंगाचा. त्यातला एक धागा चिमटीत धरा आणि त्याच्या मागे मागे काळात उलटे चला.

आधी चूल येते. सोड्याच्या पाण्यात कोसे रटरटतायत, उग्र वास सुटलाय. शेजारी एक बाई उघड्या मांडीवर सूत वळतेय. अजून मागे गेलात की पावसाळी रान. ऐनाच्या झाडाखाली उभा असलेला ढिवर समाजाचा राखणदार दिवसभर पाखरं हाकलतोय, कारण टसरची अळी घरात पाळता येत नाही, ती झाडावरच वाढते. वर एक गलेलठ्ठ हिरवी अळी डोकं सारखं इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत स्वतःभोवती घर विणतेय. धागा तिच्या तोंडाशी संपतो.

तिथून १९७२ सालात उतरा. अमेरिकेतलं बाल्टिमोर, कार्नेगी संस्थेची प्रयोगशाळा. योशिआकी सुझुकी आणि डोनाल्ड ब्राउन तुतीच्या रेशीमकिड्याच्या ग्रंथी तपासतायत. एकेक पेशी चार दिवसांत रेशमाचं इतकं प्रथिन कसं ओतते, हा त्यांचा प्रश्न. बेडकाच्या अंड्यात ठरावीक जनुकांच्या असंख्य जादा प्रती तयार होतात, हे ब्राउन यांनीच १९६८ मध्ये दाखवलं होतं. इथंही तसंच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. तुम्ही मोजणी पाहता. रेशमाच्या जनुकाच्या वेगळ्या जादा प्रती नाहीतच! पेशी वाढते तेव्हा सगळा जनुकसंच वाढतो, पण दर संचात हे जनुक एकच. त्या एका जनुकावरून सुमारे १० हजार संदेशवाहक आरएनए, त्या प्रत्येकावरून सुमारे १ लाख प्रथिनं. चार दिवसांत १०० कोटी! मघाशी चिमटीत धरलेल्या धाग्यामागेही असाच कारखाना आहे.

आठ वर्षं मागे, १९६४, हार्वर्ड. फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स कोषातून बाहेर पडणारा पतंग न्याहाळतायत. हा आपल्या टसरच्याच अँथेरिया प्रजातीतला. कोषाचं टोक आतून ओलं होतं. पतंगाच्या तोंडाशी कोकूनेज नावाचं विकर साठलेलं असतं. ते धाग्यांमधला डिंक, म्हणजे सेरिसिन, विरघळवतं. धाग्याला मात्र धक्का लावत नाही. आंधळगावच्या चुलीवर सोडा हेच काम करतो.

मला सगळ्यात थक्क करतो तो पुढचा मुक्काम. १९९० मध्ये कोळ्याच्या जाळ्याच्या प्रथिनाची रचना वाचली गेली: ॲलॅनिन या अमिनो आम्लाच्या सलग माळा. २००० साली जपानी संशोधकांनी टसरच्या चिनी भावंडाचं जनुक वाचलं, तर तिथंही ॲलॅनिनच्या माळा. तुतीच्या रेशमात अशा माळा नाहीत. तिथं ग्लायसिन, ॲलॅनिन आणि सेरिन आलटूनपालटून येतात. कोळी आणि पतंग यांच्या वाटा पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटल्या, आणि दोघं आपापल्या वाटेनं एकाच नमुन्यावर पोचले. खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तर आपल्या टसरच्या प्रथिनावर जिवंत पेशी वाढवून दाखवल्या. पेशींना पकड मिळेल अशी खूण त्या रेणूतच आहे.

आता आजच्या भंडाऱ्यात परत या. तुतीचा किडा हजारो वर्षं पाळून माणसाच्या हाताखाली आला. टसरची अळी अजून रानावर जगते. ऐन आणि अर्जुन ही तिची झाडं गेली तर ती जाईल, तिच्यामागे ढिवराची कमाई जाईल आणि कोष्ट्याचा मागही थांबेल. म्हणून तुमच्या ग्रामसभेत असं रान तोडण्याचा विषय निघाला, तर उठून विरोध नोंदवा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.