नीतिमान ‘होणे’ आणि नीतिमान ‘ठरणे’

स्नानाचे महत्त्व नाशिककरांना वेगळे सांगायला नको. रामकुंडावर पहाटेपासून लोक बुडी मारतात. सिंहस्थात तर अवघा देश इथे लोटतो. याच गोदाकाठी, नाशिकजवळच्या जलालपूर गावी 1868 साली लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. ‘स्मृतिचित्रे’च्या आरंभी त्यांनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय त्यांचे समाधान होत नसे. वाचताना हसू येते. पण त्यामागचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. किती धुतले म्हणजे माणूस शुद्ध होतो?

हाच प्रश्न जर्मनीत मार्टिन ल्यूथर नावाच्या तरुणाला छळत होता. 1505 मध्ये तो मठात दाखल झाला. उपास, जागरणे, प्रार्थना यांत त्याने काही कमी केले नाही. पापांची कबुली द्यायला बसला की तास तास उठत नसे, आणि उठल्यावर एखादे पाप सांगायचे राहिले म्हणून पुन्हा तळमळत असे. अखेर संत पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्याला उत्तर सापडले. देवापुढे माणूस आपल्या पुण्याईने निर्दोष ठरत नाही. ख्रिस्तावरच्या विश्वासाने, देवाच्या कृपेने ठरतो. पैसे देऊन पापाच्या शिक्षेत सूट देणारी क्षमापत्रे तेव्हा विकली जात. त्यांविरुद्ध ल्यूथरने 1517 मध्ये आवाज उठवला आणि पुढे युरोपातली ख्रिस्ती मंडळी दुभंगली.

आपल्या मराठी बायबलात या सिद्धांतासाठी ‘विश्वासाने नीतिमान ठरणे’ असा शब्दप्रयोग येतो. शब्दांशी खेळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला यातले ‘ठरणे’ फार मोलाचे वाटते. नीतिमान ‘होणे’ हा लांबचा प्रवास आहे. ‘ठरणे’ ही कोर्टातली भाषा आहे. आरोपी रिकाम्या हातांनी उभा आहे, त्याच्या बाजूने साक्षीपुरावा नाही, आणि तरी न्यायाधीश त्याला निर्दोष ठरवतो, कारण त्याची शिक्षा दुसऱ्याने भोगली आहे. आरोपीने ते स्वीकारायचे, एवढेच. इथे विश्वास म्हणजे नुसती मान डोलावणे नव्हे. नदीला पूर असताना नावाड्याच्या भरवशावर नावेत पाय टाकणे, तसा हा विश्वास.

महाराष्ट्रात हा अनुभव सर्वांत स्पष्ट शब्दांत कुणी सांगितला असेल, तर तो पंडिता रमाबाईंनी. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर हिंडले. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमाबाई भावाबरोबर पायी फिरत राहिल्या. व्रते, उपास, तीर्थस्नाने यांत त्या घराने काही बाकी ठेवले नव्हते. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. सर्वसाधारण समजूत अशी की गोष्ट इथे संपते. पण 1907 च्या आपल्या आत्मकथनपर निवेदनात त्या वेगळेच सांगतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे 8 वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. जुने विधी सोडून त्यांनी नव्या विधीवर भिस्त ठेवली होती. पाणी बदलले, हिशेब तोच राहिला. तो हिशेब सुटला तेव्हा कुठे त्यांना शांती लाभली.

श्रोतेहो, तुमच्या मनात एक शंका आली असेल. नुसत्या विश्वासाने सुटका होते, तर चांगले वागायचे कशाला? ही शंका जुनीच आहे. बायबलातच याकोबाचे पत्र कृतीवाचूनच्या विश्वासाला मृत म्हणते. ल्यूथरचे म्हणणे असे, की फळांमुळे झाड चांगले होत नाही, झाड चांगले असले की फळे येतात. कॅथलिक मंडळीला हे पुरेसे वाटले नाही. 1547 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ‘केवळ विश्वास’ या भूमिकेचा निषेध केला. या वादात साडेचारशे वर्षे गेली. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळींनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या आणि मूळ मुद्द्यावर आपले एकमत असल्याचे जाहीर केले. पण रमाबाईंचे उत्तर त्याच्या शंभर वर्षे आधीच केडगावात उभे होते. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना, विधवांना घेऊन आल्या. ‘मुक्ती’ सदन वाढले ते त्यातून. स्वतःच्या सुटकेची चिंता मिटलेला माणूस दुसऱ्यासाठी किती मोकळा होतो, ते तिथे दिसते.

मी मुसलमान घरात वाढलो. नमाजापूर्वी वजू करताना हातपाय धुण्याचा अर्थ मलाही शिकवला गेला. कुराणात श्रद्धा आणि सत्कर्म ही जोडी वारंवार येते आणि शेवटचा निवाडा तराजूवर होतो. म्हणून दुसऱ्याने आपली शिक्षा भोगावी, हे मला पटत नाही. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्याच कुराणातल्या 114 पैकी 113 सुरांचा आरंभ दयाळू, कृपाळू अल्लाच्या नावाने होतो. केवळ आपल्या कर्मांच्या बळावर कुणी स्वर्गात जाणार नाही, तिथे त्याची दयाच लागते, असे पैगंबरांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. वाटा वेगळ्या असतील. पण रिकाम्या हातांची जाणीव मला ओळखीची वाटते.

लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्याआधीच त्यांनी मनाशी ठरवले होते, की जाती माणसाने केल्या, देवाने नव्हे. आता कुणाच्याही हातचे खायचे. सोवळ्याने गाजलेल्या घरातली ती लेक. पुढे गोरगरिबांची पोरे तिच्या स्वयंपाकघरात येऊन जेवली, आणि ती येण्याआधी कुणी काही धुऊन घेतले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)