विषय : पोपट पाळण्यास परवानगी मिळणेबाबत

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत मन वळवणारं पत्र शिकवताना कॅरन कॉफमन ऑर्लॉफ यांचं ‘आय वॉना इग्वाना’ (२००४) हे चित्रपुस्तक पुष्कळदा हाताशी धरतात. अलेक्स नावाचा मुलगा आईला चिठ्ठ्या लिहितो : मित्र गाव सोडून चालला आहे, त्याचा इग्वाना मला पाळू दे. आई लेखी शंका काढते, तो लेखी निरसन करतो. पुस्तक झालं की मुलांनी आपापला प्राणी निवडायचा, त्याची माहिती शोधायची आणि घरच्यांना पत्र लिहायचं. हिरवा इग्वाना शेपटीसह पाच-सहा फूट वाढतो, पाला खातो, त्याला ऊब आणि अतिनील प्रकाश लागतो. एवढं कळल्यावर ‘मला तो फार आवडतो’ या वाक्यावर पत्र उभं राहत नाही. तिथल्या २०१० च्या अभ्यासक्रम-मानकांनीही लहान वर्गांपासून मताला कारणांची जोड मागितली.

ही रीत वाटते तितकी नवी नाही. रोमन वक्तृत्वशाळांत ‘सुआसोरिया’ नावाचा पाठ असे. इतिहासातल्या वा पुराणातल्या माणसाला निर्णयाच्या घडीला सल्ला द्यायचा. अलेक्झांडरने महासागरात गलबतं घालावीत का? सिसेरोने जीव वाचवण्यासाठी अँटनीपुढे हात जोडावेत का? थोरल्या सेनेकाच्या संग्रहातले असे सात विषय आजही वाचायला मिळतात. बाराव्या शतकात बोलोन्यामध्ये पत्राचे पाच भाग शिकवले जात : अभिवादन, सद्भाव मिळवणं, हकिगत, मागणी, समारोप. १५२२ साली छापलेल्या इरॅस्मसच्या पत्रलेखनावरच्या ग्रंथात मन वळवणाऱ्या पत्राला स्वतंत्र जागा आहे.

ते पाच भाग वाचताना मला आपली मोडी पत्रं आठवतात. आरंभी ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. कोणाला कोणता मायना घालावा, हे सांगणारी मेस्तकं हेमाडपंताच्या नावावर सांगितली जातात. त्या कारकुनी शिस्तीचा दूरचा वारस म्हणजे आपला शाळेतला अर्ज. मीही तो गिरवला : विषय, महोदय, आपली विश्वासू. कारण एका ओळीत, विनंती दुसऱ्या ओळीत. वाचणाऱ्याच्या मनात कोणती शंका येईल, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. मायना चुकला की मात्र गुण जात.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने आजीला असाच अर्ज केला. विषय : पोपट पाळण्यास परवानगी मिळणेबाबत. मी तिला अलेक्सची गोष्ट सांगितली आणि विचारलं, “आजी कशाला नाही म्हणेल?” तिने यादी केली : घाण, कलकलाट, परीक्षेच्या दिवसांत पिंजरा कोण धुणार. मग उत्तरं शोधायला बसली. दोन दिवसांनी माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. “मावशी, पोपट पाळणं गुन्हा आहे.” १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत, हे तिला सापडलं होतं.

मला वाटलं, आता प्रकरण मिटलं. पण तिने दुसरं पत्र लिहिलं. त्यात मागणी नव्हती. कायदा सांगितला होता आणि खाली एक प्रश्न होता : आजी, तुझ्या लहानपणी घरात मिठू होता ना, तो कुठून आणला होता?

रोमन मुलांना सिसेरो कधी उत्तर देणार नव्हता. कोणतीही बाजू घ्या, हरण्या-जिंकण्याने काही बिघडत नव्हतं. भाचीचा शोध तिच्याच मागणीवर उलटला होता आणि ते तिने लपवलं नाही. ‘मन वळवणारं पत्र’ हा शब्द मी अनुवादासाठी योजला, तेव्हा लिहिणाऱ्याचंही मन वळेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आजीने त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं : “आंब्याच्या ढोलीतून. माझ्या भावाने पिल्लू काढलं. त्याची आई दोन दिवस झाडावर ओरडत होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.”

तो कागद भाचीच्या वहीत आहे. आजीने वर मायना घातलेला नाही.