रुग्णशुश्रूषेचे मूलभूत ज्ञान आणि विनयपिटक

रुग्णशुश्रूषेच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यापासून सांगितला जातो. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावे सुरू झालेल्या प्रशिक्षणशाळेने या कार्यास व्यवसायाची प्रतिष्ठा दिली, हे निर्विवाद आहे. तथापि परिचारकाच्या अंगी कोणते ज्ञान व कोणती वृत्ती असावी, याची नेमकी मांडणी त्याआधी कितीतरी शतके पाली विनयपिटकात झालेली आहे. परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींना हा वारसा ज्ञात असणे अगत्याचे आहे.

महावग्गाच्या आठव्या, म्हणजे चीवरक्खंधकात, एक प्रसंग येतो. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. तथागत आनंदासह तेथे आले. त्याच्याजवळ कोणी परिचारक नव्हता. कारण विचारता असे आढळले की, तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याची देखभाल करीत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. आणि एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात हा प्रसंग आवर्जून समाविष्ट केला आहे.

या प्रसंगाचा शेवट केवळ करुणेच्या उपदेशाने होत नाही. त्यातून नियम निर्माण होतो. घर सोडून आलेल्या भिक्खूंना सेवा करण्यास आईबाप जवळ नसतात, तेव्हा त्यांनी एकमेकांची सेवा केली पाहिजे, असे तथागतांनी सांगितले. उपाध्यायाने शिष्याची, शिष्याने उपाध्यायाची आणि कोणीच नसेल तर संघाने रुग्णाची शुश्रूषा करावी. न केल्यास तो दोष ठरेल. जो निरुपयोगी वाटतो त्याचाही शुश्रूषेवर हक्क आहे, हे येथे प्रथम मान्य झालेले दिसते.

पुढे योग्य परिचारकाची पाच लक्षणे दिली आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य व अपथ्य ओळखून पथ्य जवळ आणता व अपथ्य दूर ठेवता यावे. त्याने लोभाने नव्हे, मैत्रीभावनेने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी वा वांती उचलताना किळस मानू नये. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न करावे. आजच्या अभ्यासक्रमातील औषध देण्याचे नियम, आहार, स्वच्छता व रुग्णास मानसिक आधार हे विषय याच चौकटीत बसतात. रुग्णाचीही लक्षणे सांगितली आहेत. त्यांत एक असे की, आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे, हे त्याने परिचारकास खरेखरे सांगावे. नाडी, तापमान व श्वसन यांची वेळोवेळी नोंद ठेवण्यामागील तत्त्व हेच आहे.

यातील चौथे लक्षण भारतीय समाजाच्या वर्मी लागणारे आहे. ज्या समाजाने मलमूत्र उचलणे हे विशिष्ट जातींच्या माथी मारले आणि त्या हातांचा स्पर्श विटाळ मानला, त्याच देशात तथागतांनी ते काम स्वतः केले व ते गुरुशिष्य सर्वांचे कर्तव्य ठरविले. मृत भिक्खूचे पात्र व चीवर परिचारकांस देण्याची मुभा त्यांनी दिली. आणि परिचारक श्रामणेर असला तरी त्याला समान वाटा द्यावा, असेही सांगितले. सेवेचे मोल ठरविताना दर्जा पाहिला गेला नाही.

हा विचार कोकणास परका नव्हता. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू यांच्या चिकित्सेची व्यवस्था, तसेच औषधी वनस्पती नसतील तेथे आणून लावल्याचा उल्लेख आहे. त्याच लेखमालेतील आठव्या व नवव्या लेखांचे अवशेष सोपारा येथे सापडले. रायगड जिल्ह्यातील कुडा येथील एका लेखात इसिरखिताचा पुत्र सोमदेव या वैद्याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरच्या उत्तरेस, वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे दापोली तालुक्यात, पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. त्यांतील आरंभीची लेणी बौद्ध आहेत. सागरी व्यापाराच्या या प्रदेशात भिक्खुसंघ वावरत होता आणि विनयाचे नियम त्याला बंधनकारक होते.

आधुनिक महाराष्ट्रात याच वृत्तीचे दर्शन सावित्रीबाई फुले यांनी घडविले. १८९७ च्या प्लेगात पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यासाठी त्या रुग्णांना आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचविले. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

वेळणेश्वरसारख्या किनारी गावांत आरोग्यसेवेचा पहिला हात बहुधा उपकेंद्रातील परिचारिकेचाच असतो. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा शासकीय निकष आहे. अतिसाराच्या रुग्णासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालणे, प्रत्येक रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात साबणाने धुणे, अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलणे ही कामे साधी दिसतात. पण त्यांवर प्राण अवलंबून असतात. वर्षावासाच्या काळात विहारांतून ग्रंथवाचन होते, त्याच्या जोडीला ही कामे शिकविणारा एखादा तास ठेवता येईल. चीवरक्खंधकाचा तो भाग वाचून उठणाऱ्या उपासकास आजारी शेजाऱ्याची कूस बदलता आली, तर ते वाचन सार्थकी लागेल.