विजयदुर्गचे ओटे आणि कॅमेऱ्यासोबतची खरेदी

ऑफिसमध्ये कोणी नवा डिजिटल कॅमेरा घेतला की दुसऱ्याच दिवशी प्रश्न येतो, "सोबत अजून काय काय घेऊ रे?" बॅग, फिल्टर, फ्लॅश, ट्रायपॉड, जास्तीची लेन्स... दुकानदाराची यादी संपत नाही, पगार मात्र संपतो. मला सापडलेलं या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर १८९८ सालचं आहे, आणि तेही आपल्या सिंधुदुर्गातलं.

मालवणहून किनाऱ्याने उत्तरेला गेलं की देवगड आणि त्याच्या पुढे, वाघोटन खाडीच्या तोंडाशी विजयदुर्ग. या किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात. त्यांची गोष्ट सहसा अशी सांगितली जाते: १८६८ साली नॉर्मन लॉकयर या साहेबाने इथून सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला.

गोष्ट झकास आहे, पण तिच्यात दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता आणि लॉकयर इंग्लंडमध्ये. त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली पिवळी रेषा पाहिली. ही कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची नव्हती, म्हणून नाव पडलं हेलियम. पुढे १८९५ मध्ये रॅम्झीने तो पृथ्वीवरच्या खनिजात शोधला. लॉकयर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला.

म्हणजे किल्ल्याचं महत्त्व कमी झालं का? मला तर उलट वाटतं. कारण १८९८ ला इथे जे घडलं ते मुख्यतः फोटोग्राफीचं काम होतं.

प्रश्न असा होता की सूर्याच्या तेजाच्या अगदी वरचा पातळ थर कशाचा बनलाय? चंद्राने सूर्य पूर्ण झाकला की हा थर काही सेकंदच दिसतो. अख्खी खग्रास स्थिती इथे जेमतेम दोन मिनिटांची. रीटेक नाही! मग सामान काय आणलं? कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे काचेचा मोठा लोलक बसवला. त्यामुळे सूर्याची उरलेली बारीक कोर प्रत्येक रंगात वेगळी उमटते, आणि कुठल्या रंगात कोर आली यावरून तिथे कुठलं मूलद्रव्य आहे ते कळतं. एकच ॲक्सेसरी, पण नेमक्या प्रश्नासाठी निवडलेली.

पण लोलक कितीही भारी असला तरी कॅमेरा हलला की सगळं पाण्यात. म्हणून पक्का पाया हवा, आणि सरकत्या सूर्यासोबत फिरणारी, घड्याळासारख्या यंत्रावर चालणारी यंत्रणा हवी. दगडी ओटा म्हणजे त्या काळचा ट्रायपॉडच की!

तिसरी गोष्ट माणसं. ब्रिटिश नौदलाच्या 'मेलपोमिनी' जहाजावरच्या खलाशांना एकेक काम वाटून दिलं होतं. प्लेट कोण देणार, झाकण कोण काढणार, याची आधी कवायत करून घेतली. १८९६ ला नॉर्वेत लॉकयरने अशीच तयारी केली होती, पण ऐन वेळी ढग आले. विजयदुर्गला जानेवारीचं स्वच्छ आकाश मिळालं आणि काम फत्ते झालं.

याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे (म्हणजे आजचं सीओईपी!) प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला गेले होते. जेऊरलाच अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळी चाळीस फुटी कॅमेरा घेऊन आली होती. एवढं लांब धूड सूर्यामागे फिरवणार कसं? त्यांनी नळी स्थिर ठेवली आणि आतली प्लेटच हळूहळू सरकवली. याला म्हणतात इंजिनिअरिंग!

आणि एक दुःखद किस्सा. नेव्हिल मॅस्केलिन या इंग्लिश जादूगाराने भारतात येऊन याच ग्रहणाची हलती फिल्म घेतली. चित्रण यशस्वी झालं, पण परतीच्या प्रवासात फिल्मचा डबा चोरीला गेला. प्रत एकच होती. संपलं सगळं.

आता आपल्या खरेदीकडे येऊ. माझं म्हणणं सरळ आहे: आधी फोटो ठरवा, मग सामान. मालवण किनाऱ्यापुरतं बोलायचं तर हे बघा.

पहाटेचा किंवा संध्याकाळनंतरचा समुद्र टिपायचा असेल तर ट्रायपॉड हवाच, आणि तो वजनदार हवा. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात हलका ट्रायपॉड थरथरतो. पण जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत त्याचा काही उपयोग नाही, कारण होडीच हलते. तिथे शटर स्पीड वाढवा, पैसे वाचवा.

पाण्याखालचे खडक दिसायला हवेत तर पोलरायझर घ्या. तो पाण्यावरची चकाकी कापतो, आणि हा परिणाम नंतर कॉम्प्युटरवर नीट आणता येत नाही. हाच तुमचा लोलक. फोटोला रंगाची छटा देणारे फिल्टर मात्र सोडून द्या, ते काम सॉफ्टवेअर करतं.

खाऱ्या हवेसाठी रबरी ब्लोअर आणि मऊ कापड घ्या. आधी फुंकर, मग कापड, नाहीतर वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो. घरी आल्यावर कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा.

जास्तीची बॅटरी आणि दोन कार्डं घ्या. आणि त्याच रात्री फोटोंची दुसरी प्रत काढून ती वेगळ्या बॅगेत ठेवा. मॅस्केलिन आठवा.

एवढं करून पैसे उरलेच, तर देवगडमार्गे विजयदुर्गला जाऊन या. त्या ओट्यांपाशी कोणी १८६८ ची गोष्ट सांगितली, तर त्यांना १८९८ चीही सांगा. ती खरी आहे, आणि जास्त चांगलीसुद्धा.