शिळावर्तुळे आणि पूर्वजांचे ऋण

आपल्या समाजाचे पूर्वज कोण व कोठून आले, याची चर्चा स्मरणिकांतून होत असते आणि ती व्हावयासच हवी. परंतु जे पूर्वज कोणा एका ज्ञातीचे नव्हेत, त्यांचेही स्मरण या निमित्ताने व्हावे, असे आम्हांस वाटते.

हिंगोली जिल्ह्यातील आबालवृद्धांस औंढ्याच्या नागनाथाचे देवालय परिचित आहे. अशी देवालये उभी राहण्याच्या कितीतरी आधी मनुष्य प्रचंड शिळा मांडून आपला पूज्यभाव प्रकट करीत असे. त्याची साक्ष शेजारच्या विदर्भात मिळते. नागपूरच्या पश्चिमेस जुनापाणी येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली त्यांविषयी लेख प्रसिद्ध केला. पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीस आणि त्यानंतर डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा व माहूरझरी येथे उत्खनन केले.

वर्तुळांच्या आत दगडमातीच्या भरावाखाली मानवी अस्थी, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर व मणी निघाले. माहूरझरीस तर घोड्याच्या अस्थींसह तांब्याचा साजही मिळाला. ही वर्तुळे म्हणजे सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची मृतांची स्मारके होत. काही शिळांवर ओळीने खळगे कोरलेले आहेत. त्यांचा संबंध आकाशातील दिशांशी असावा, असे काही संशोधक सुचवितात. इंग्लंडातील स्टोनहेंज येथेही सूर्याची दिशा आणि मृतांच्या रक्षा एकत्र आढळतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नायकुंड येथे त्या काळची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. इतक्या कष्टाने मिळविलेले लोखंड त्या लोकांनी मृतासोबत मातीत ठेवले. अजस्र शिळा ओढून आणणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. त्यासाठी अनेकांचे हात लागले असतील. मृताचा सन्मान हे सर्वांचे कर्तव्य, हीच त्यामागील भावना दिसते.

त्या शिळांवर कोणत्याही जातीचे नाव कोरलेले नाही. म्हणून त्यांवर कोणी एकट्याने हक्क सांगू नये, आणि जबाबदारीही कोणी झटकू नये. नांगरट, मुरमाच्या खाणी व वाढती वस्ती यांपायी अशी स्थळे नामशेष होतात. आपल्या शिवारात गोलाकार मांडलेले जुने धोंडे आढळल्यास ते हलविण्यापूर्वी पुरातत्त्व खात्यास अवश्य कळवावे आणि मुलांना एकदा तरी जुनापाणी दाखवावे, अशी समाजबांधवांस आमची नम्र विनंती आहे. पूर्वजांचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे.