फुलाचं कूळ आणि डोंगराचं मूळ

पूर्वपक्ष आधी प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो मांडणारी माणसं निसर्गाची वैरी नाहीत. ती म्हणतात: उरणच्या द्रोणागिरी डोंगराच्या एका अंगाला ओएनजीसीचा प्रकल्प, पलीकडे १९८९पासून वाढत गेलेलं न्हावा-शेवा बंदर, खाली मिठागरं आणि भातखाचरं बुजवून उठलेला सिडकोचा नोड. एवढ्या रेट्यात डोंगराच्या उतारावर आणि रस्त्यांच्या कडेला जे आपोआप फुलतंय ते फुलू द्या की! घाणेरी बारमाही रंगते, पावसाळा सरताना पिवळा-केशरी कॉसमॉस डोलतो, हिवाळ्यात रानमोडीवर फुलपाखरांची झुंबड उडते, फेब्रुवारी-मार्चात गिरिपुष्प गुलाबी होतं. कुणी पाणी घालत नाही, कुणाचं बिल येत नाही. परदेशी म्हणून नाक मुरडायचं तर ताटातली मिरची, बटाटा, पेरू, काजू आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही अमेरिकेचाच. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, तसं फुलाचंही विचारू नये.

हे मत नुसतं हौशी नाही, त्याला विद्वानांचाही आधार आहे. २०११ साली मार्क डेव्हिस आणि त्यांच्या अठरा सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की प्रजातींचा न्याय त्यांच्या उगमावरून करू नका. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात १४१ शास्त्रज्ञांनी त्याला हरकत घेतली. उगमावरून कुणीच न्याय करत नाही, आमचा आक्षेप वर्तनावर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. वादाचं खरं मर्म इथे आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत नेमकं तेच गळून जातं.

म्हणून पहिला मुद्दा मी पूर्वपक्षाला देऊन टाकतो. परदेशी असणं हा गुन्हा नाही. द्रोणागिरीच्या गडावर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष आहेत. त्याच पोर्तुगीजांनी आणलेल्या मिरचीवाचून उरणचं कालवण शिजत नाही. पण झेंडू कधी डोंगर चढून गेलाय का? शेतकऱ्याने बी पेरलं, खुरपलं, पाणी दिलं तरच तो येतो. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीला ज्याच्या गुलाबी फुलांचे फोटो दरवर्षी फिरतात तो टॅबेबुयाही परदेशीच, पण लावला तिथे उभा आहे. गिरिपुष्पाचं तसं नाही. सामाजिक वनीकरणात ते लावलं गेलं, भातखाचरात पाला घालायला ते उपयोगीही आहे. पण उन्हाळ्यात त्याच्या शेंगा तडकतात, बिया लांब फेकल्या जातात आणि लावणाऱ्याने आखलेल्या ओळी राहत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२च्या दुरुस्तीने आक्रमक परदेशी प्रजातीची जी व्याख्या आली तिच्यात दोन अटी आहेत: बाहेरून येणं आणि इथल्या वन्यजीवांना किंवा अधिवासाला धोका होणं. झेंडू पहिलीत बसतो, दुसरीत नाही. तेव्हा झेंडूचा दाखला देऊन घाणेरीची सुटका होत नाही.

घाणेरी जवळून पाहा. एकाच झुपक्यात मधली फुलं पिवळी, कडेची गुलाबी. परागीभवन झालं की फूल पिवळेपणा सोडतं आणि किडा-पाखरू पुढच्या पिवळ्या फुलाकडे वळतं. इतकी काटेकोर व्यवस्था असलेलं झुडूप सुंदर नाही असं कोण म्हणेल? १८०९च्या सुमारास इंग्रजांनी ते कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणलं ते शोभेसाठीच. बुलबुलांनी काळी फळं खाल्ली, बी पसरलं, आणि २०२०च्या एका अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्र आज घाणेरीच्या विळख्यात आहे. जाळी माजली की खाली ऊन पोचत नाही, गवत मरतं, गुरं तोंड लावत नाहीत, माणसाचा हातही आत शिरत नाही. रायगडच्या बाजारात पावसाच्या तोंडाला कातकरी बाया शेवळं विकायला बसतात, सोबत खाज मारायला काकडं देतात. ती शेवळं रानातल्या मोकळ्या जमिनीतून वर येतात. घाणेरीच्या फुलांवर खूश होणाऱ्याने त्या टोपलीचाही हिशेब मांडावा.

आता फुलपाखरांचा पुरावा, कारण पूर्वपक्षाचा सारा भरवसा त्याच्यावर आहे. रानमोडीवर ‘ब्लू टायगर’सारखी फुलपाखरं थव्याने येतात हे खरं. नरांना तिच्यातली काही रसायनं लागतात, मादीला रिझवणारा गंध ते त्यातूनच बनवतात. पण अंडी? ब्लू टायगर अंडी घालायला हिरणदोडीसारख्या वेली शोधतो, प्लेन टायगर रुईकडे जातो, आणि २०१५पासून आपलं राज्य फुलपाखरू असलेला ब्लू मॉर्मन लिंबाच्या कुळातल्या झाडांकडे. अळी रानमोडीचं पान खात नाही. म्हणजे खाणावळ दारात उघडली आणि बाळंतिणीची खोली पाडली, असा हा व्यवहार आहे. फोटोत खाणावळच येते. रानमोडी उन्हाळ्यात वाळते, वणव्याला सरपण होते, आणि वणव्यानंतर बुंध्यातून सर्वांत आधी तीच फुटते; हिरणदोडीची वेल तेवढ्या वेगाने सावरत नाही.

कॉसमॉसबद्दल तर एक वेगळीच टूम निघाली आहे. त्याचा ताटवा दिसला की ‘आपलं कास’ म्हणायचं, आणि ट्रेकला जाताना पिशवीतून बी नेऊन उधळायचं. कासच्या सड्यावर सीतेची आसवं, गेंद, तेरडा आपापल्या आठवड्यात येतात-जातात ते तिथल्या दगडावरच्या वीतभरही नसलेल्या मातीमुळे आणि साचलेल्या पाण्यामुळे. कॉसमॉसच्या ताटव्यात दुसरं काही उगवत नाही म्हणूनच तो सलग दिसतो. सलगपणालाच आपण सौंदर्य समजतो, ही खरी गोची आहे.

पूर्वपक्षाचा शेवटचा बाण मात्र बोथट नाही. तो म्हणतो, ही झुडपं कारण नव्हेत, परिणाम आहेत. डोंगर पोखरले, मुरूम वाहून खाडीत टाकला, भरतीचं पाणी अडवलं. उघड्या पडलेल्या जमिनीवर जे तगतं ते आलं. मग दोष फुलाला का? यातलं पहिलं वाक्य बव्हंशी खरं आहे. उरणच्याच पाणजे पाणथळीसारख्या ठिकाणी भरती-ओहोटी मोकळी राहिली तर खाऱ्या चिखलात तिवरं आणि निळसर फुलांची मारांडी आपसूक टिकतात. तिथे उपटायला जाण्यापेक्षा पाण्याची वाट खुली ठेवणं मोलाचं. पण डोंगराच्या उतारावर हा युक्तिवाद लागू पडत नाही. जमीन उघडी पाडण्याचं काम माणसाचं, हे कबूल. एकदा जाळी बसली की तेरड्याला आणि कळलावीला परत येऊ न देण्याचं काम घाणेरी स्वतःच करते. संजीवनीच्या डोंगराची आख्यायिका सांगणाऱ्या गावात वनौषधींना पाय ठेवायला जागा नसावी!

यावर जेसीबी हा उपाय नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. यंत्राने उकरलेली माती म्हणजे पुढच्या पिकाची मशागत. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांनी दाखवलेली रीत साधी आहे: खोड आणि मूळ जिथे जुळतं त्याच्या बोटभर खाली कुदळीने तोडायचं, झुडूप उलटं करून ठेवायचं, मोकळ्या जागी लगेच इथलं गवत लावायचं. घाणेरीत बुलबुल, सातभाई आडोसा घेतात, म्हणून सगळा उतार एका मोसमात बोडका करायचा नाही. पट्ट्यापट्ट्याने, विणीचा काळ सोडून. आणि रानमोडी दिवाळीच्या सुमारास, कळ्या धरण्याआधी काढायची. फुलं पाहून मग काढू म्हटलं, तर तोवर बी वाऱ्यावर गेलेलं असतं.